या मग

"मग त्या दातांच्या डॉक्टरांकडची नोकरी का सोडलीत?" पोतनीसकाकांनी विचारलं.

"सोडली नाही. त्यांनी काढलं," मी म्हटलं. "पेशंट विचारायचे, दाढ काढताना दुखेल का हो? मी सांगायचे, दुखेल. मग ते उठून जायचे."

काका गालातल्या गालात हसले. "आणि साड्यांच्या दुकानातली?"

"एका बाईंनी पदर खांद्यावर टाकून विचारलं, कशी दिसते? मी म्हटलं, पडदा गुंडाळल्यासारखी."

"अरेरे! म्हणजे… छान. स्पष्टवक्तेपणा. छान गुण आहे हो."

"त्याच्या आधी गणिताच्या क्लासमध्ये शिकवत होते. तिथलं सांगू?"

"असू दे, असू दे," काका घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

साताऱ्याला राधिका रोडवर त्यांचं ऑफिस होतं. एकच खोली. भिंतीवर रामेश्वर, मीनाक्षीचं देऊळ आणि कन्याकुमारीचा सूर्यास्त. बाहेर पाटी होती, 'पोतनीस यात्रा', आणि तिच्याखाली खडूनं लिहिलेलं, 'दक्षिण भारत यात्रेसाठी सहायक पाहिजे. पदवीधरास प्राधान्य.' माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि दुपार मोकळी होती. पायरी चढले ती अशी.

काका साठीला टेकलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पातळ केस चापून बसवलेले, आणि बोलणं असं मऊ की साजूक तुपातला शिरा. इतक्या ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या, पण समोरच्यानं मला 'अहो-जाहो' करावं आणि वर चहाबरोबर खारी बिस्किटं द्यावीत, हे पहिल्यांदाच होत होतं. मी तर तिथंच विरघळले. बशीतलं शेवटचं बिस्कीट संपेपर्यंत काकांनी माझं गाव विचारलं, खटाव सांगितल्यावर 'वा, खटाव' म्हणाले, वडिलांची चौकशी केली, आणि मग उठून उभे राहिले. हात जोडले. मला दारापर्यंत सोडायला आले.

"फार छान वाटलं तुमच्याशी बोलून," ते म्हणाले. "बरं, या मग."

मी चपला घालता घालता थांबले.

"उद्याच?" मी विचारलं.

काका जरा घुटमळले. "उद्या… उद्या तर आमची गाडी निघतेय सकाळी. सगळी धावपळ असते, बरं का."

"मग मी सामान घेऊनच येते."

"हो का? म्हणजे… अगदी उजाडता उजाडता निघते गाडी. फार लवकर होईल तुम्हाला."

"आमचं घर पहाटेच उठतं काका. वडील मिलिटरीत होते."

"वा, वा," काका म्हणाले. "मिलिटरीत. वा."

झालं! नोकरी पक्की.

हल्ली कॉलेजातली पोरं-पोरी मला भाषणाला बोलावतात. विचारतात, मॅडम, तुम्ही यात्रा-सहलींच्या या क्षेत्रात कशा आलात? मी सांगते, चुकून. सगळे हसतात, त्यांना वाटतं बाई विनयानं बोलतायत. मी आणि विनय! माझ्या घरच्यांनी ऐकलं तर पोट धरून हसतील.

त्या दिवशी घरी काय झालं ते सांगते. कॉलेज संपल्यापासून आमच्या घरात माझा विषय निघाला की आईचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." माझ्या वर्गातली शुभांगी बँकेत चिकटली होती, दुसरी एक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. त्यांचं कसं, एकदा रुळावर डबा चढला की चालला. माझा डबा प्रत्येक स्टेशनात उतरवून ठेवत होते. आणि कारण दर वेळी एकच, माझी जीभ. अण्णा मात्र कधी बोलायचे नाहीत. नोकरी गेली की फक्त "हं" म्हणायचे आणि सायकल पुसायला घ्यायचे. गोडोलीतल्या आमच्या गल्लीत लोक त्यांना मुद्दाम विचारायचे, "सुभेदार, पोरगी काय करती सध्या?" अण्णा म्हणायचे, "चाललंय." हे 'चाललंय' म्हणताना त्यांची मान खाली जायची. ज्या माणसाची मान पलटणीत कधी खाली गेली नाही, त्याची ही गत माझ्यामुळं व्हावी, याचं मला फार वाईट वाटायचं. बोलून दाखवत नव्हते इतकंच.

"अण्णा, लागली," मी दारातूनच ओरडले.

"काय लागली?"

"नोकरी! दक्षिण भारतात जायचंय. उद्याच. कन्याकुमारीपर्यंत!"

अण्णांनी सायकलचं फडकं खाली ठेवलं. "खरं सांगतीस?"

"मालक स्वतः म्हणाले, या मग."

अण्णा उठले, शर्ट चढवला, मोती चौकात गेले आणि कंदी पेढ्यांचे मोठे बॉक्स घेऊन आले. गल्लीत एकही घर सोडलं नाही. ज्या पाटलीणबाईशी नळावरून आमचं बोलणं बंद होतं तिलासुद्धा दिला. मी खिडकीतून बघत होते. मान ताठ, पाऊल दमदार, हातात पेढ्यांचा बॉक्स. प्रत्येक दारात एकच वाक्य, "पोरगी ड्यूटीवर चालली."

आईनं रात्रीच माझ्यासाठी बेसनाचे लाडू बांधले आणि बांधता बांधता बजावलं, "हर्षे, आता ही नोकरी टिकव बाई. गल्लीभर पेढे वाटून झालेत. कुणी काही विचारलं तर मूग गिळून गप्प बस. एवढं एक कर माझ्यासाठी."

"गिळते," मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही राधिका रोडवर हजर. अण्णांनी सायकलच्या कॅरिअरला त्यांचा पलटणीतला हिरवा होल्डॉल बांधला होता, मी मागून चालत. ऑफिससमोर पांढरी लक्झरी बस उभी होती. प्रवासी जमत होते, नातेवाईक हार-नारळ घेऊन आले होते, स्वेटर घातलेली नातवंडं डोळे चोळत होती. पोतनीसकाका या घोळक्यातून त्या घोळक्यात हात जोडत फिरत होते. मी समोर गेले आणि वाकून नमस्कार केला.

"आले काका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग होल्डॉलकडे पाहिलं. मग अण्णांकडे. त्यांचा चेहरा असा झाला, जसा पंगतीत बसलेल्या माणसाचा पाचव्यांदा जिलबी वाढल्यावर होतो.

"आलात!" ते म्हणाले. "अहो… कशाला एवढी तसदी घेतलीत?"

"तसदी कसली काका? कामच आहे माझं."

तेवढ्यात अण्णा पुढं झाले. टाचा जुळवल्या. "सुभेदार घोलप. हर्षदाचा बाप. पोरीला ठेवून घेतलंत, उपकार झाले साहेब. जिभेनं जरा तिखट हाय, पण कामाला हयगय करणार न्हाई." आणि पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढं धरला. "घ्या."

"हे कशाचे?" काकांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तिच्या नोकरीचे!"

काकांनी पेढा घेतला. तोंडात घातला. बराच वेळ चघळला. मला वाटलं, माणूस भारावलाय. "सुभेदारसाहेब," ते म्हणाले, "काल काय झालं, मी यांना म्हणालो… म्हणजे बोलता बोलता…"

"सांगितलं तिनं," अण्णा म्हणाले. "या मग म्हणालात. एका शब्दात निकाल. असा माणूस पाहिजे."

काकांनी दुसरा पेढा घेतला.

तेवढ्यात ड्रायव्हर रज्जाकभाई आले. "मॅडमची बॅग वर टाकू?" काका बघतच राहिले. अण्णांनी होल्डॉल उचलून दिलासुद्धा. टपावर माझा होल्डॉल दोरीनं आवळला गेला आणि मला वाटलं, सुटले. आता काय वाट्टेल ते होवो, मी कन्याकुमारी बघणार. अण्णा रस्त्याच्या पलीकडे दूधवाल्याच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. गाडी हलेपर्यंत जायचं नाही, हा त्यांचा नियम.

आणि मग गाडीत भांडण पेटलं.

भांडण पहिल्या सीटवरून. ड्रायव्हरच्या डाव्या हाताची, दारालगतची, जिच्यासमोर अख्खी काच असते ती. तिच्यावर क्षीरसागर मास्तर बसले होते, निवृत्त, काठी घेऊन. त्यांच्या डोक्यावर एक जाड इसम उभा होता, गळ्यात शूटिंगचा कॅमेरा. ते बाबर, रस्त्यांचे ठेकेदार. आणि दोघांच्या मध्ये, तोंडाला रुमाल लावून, इनामदारबाई.

"बुकिंग करतानाच सांगितलं होतं, माझे गुडघे दुखतात," मास्तर म्हणत होते. "पोतनीस म्हणाले, मास्तर, पहिली सीट तुमचीच."

"मला गाडी लागते," इनामदारबाई म्हणाल्या. "मला म्हणाले, बाई, तुम्हाला पुढं बसवतो, निश्चिंत राहा."

"आणि मला काय म्हणाले?" बाबर गरजले. "बाबरसाहेब, तुमच्या कॅमेऱ्यासाठी समोरची काच राखून ठेवली! विचारा त्यांना. ओ पोतनीस!"

पोतनीसकाका दारात उभे. मास्तरांना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." इनामदारबाईंना म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे." मग बाबरांकडे वळून म्हणाले, "आणि तुमचं तर आहेच."

मी त्यांच्या मागे उभी होते. मूग गिळून. तोंडापर्यंत येत होते ते परत खाली ढकलत होते. मला आईचा चेहरा दिसत होता, लाडू बांधणारा. हर्षे, गप्प. हर्षे, ही नोकरी टिकव.

"काका, उन्हं चढायच्या आत कोल्हापूर गाठायचंय," रज्जाकभाई म्हणाले. "काय ते ठरवा."

"बघू या हं, करू काहीतरी," काका म्हणाले. "सगळ्यांचं करू."

"सगळ्यांचं म्हंजे काय? मांडीवर बसवताय का एकमेकांच्या?" बाबर खवळले. "सीट मिळत नसेल तर आम्ही उतरतो. सगळं कुटुंब उतरतो. आमचे पैसे आत्ताच्या आत्ता ठेवा इथं. ए, चला रे खाली!"

त्यांचं कुटुंब म्हणजे मागच्या दोन ओळी. त्या उठायला लागल्या. मग आणखी कोणीतरी म्हणालं, असला कारभार असेल तर पुढं जेवणाखाण्याचं काय होणार? असं म्हटल्यावर आणखी चार जण चपला शोधायला लागले. काकांच्या कपाळावर त्या थंडीत घाम फुटला. मास्तर काठी आपटून म्हणाले, "पोतनीस, तुम्ही खोटारडे आहात. स्वच्छ खोटारडे."

आणि काका हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

झालं. मूग वर आले. मला ते बघवेना. इतका भला माणूस, सगळ्यांना खूश करायला जाऊन भर रस्त्यात शिव्या खातोय आणि वर त्याच शिव्यांना 'बरोबर' म्हणतोय! मी काकांना बाजूला केलं आणि पायरी चढून वर गेले.

"ऐका!" मी ओरडले. आवाज अण्णांचा आहे माझा, परेडच्या मैदानावरचा. अख्खी गाडी दचकली. एक आजोबा तर उभेच राहिले.

"तुम्ही कोण?" बाबरांनी विचारलं.

"यात्रेची मॅनेजर." पाटीवर सहायक लिहिलं होतं, पण पायरी चढता चढता मी स्वतःला बढती दिली.

"काल ऑफिसात तर दिसला नाहीत."

"काल तुम्ही भांडत पण नव्हता. आता ऐका. पहिली सीट कोणालाच मिळणार नाही. नाही म्हणजे नाही."

चपला शोधणारे हात होते तिथंच थांबले.

"पण माझे गुडघे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, पाय लांब करून दाखवा बघू."

मास्तरांनी पाय लांब केला. समोरच्या लोखंडी दांड्यावर गुडघा खाडकन आपटला. "आई गं!"

"रामेश्वरपर्यंत असंच आपटत जायचंय का? मधल्या दाराशी जी ओळ आहे तिच्यापुढं हातभर जागा मोकळी आहे. तिथं बसा, काठीसुद्धा आडवी मावेल. आणि बाई, तुम्ही. रात्री काय खाल्लंत?"

"मी?" इनामदारबाईंनी रुमाल काढला. "भजी. प्रवासाला निघायचं म्हणून लेकीनं केली होती."

"मग सीटला कशाला बोल लावताय? दुसऱ्या ओळीत खिडकीशी बसा. कोल्हापूर येईपर्यंत तोंडात आवळासुपारीशिवाय काही घालायचं नाही."

"चहा पण नाही?"

"चहा पण नाही."

"बरं बाई," त्या म्हणाल्या, आणि गुपचूप जाऊन बसल्या.

राहिले बाबर. त्यांनी कॅमेरा छातीशी धरला होता. मी समोरच्या काचेकडे बोट केलं. "काचेवर काय आहे, बाबरसाहेब?"

"काय?"

"गणपती आहे. झेंडूचा हार आहे. खाली लिंबू-मिरच्या लोंबतायत. तुम्ही साताऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत शूटिंग करणार, घरी जाऊन चार पाहुणे बोलावून टीव्हीवर लावणार, आणि पाहुण्यांना मिरच्या दिसणार."

मागच्या ओळीतून खुसखुस ऐकू आली. ती खुद्द त्यांची बायको होती.

"मग तिथं बसणार कोण?" बाबरांनी शेवटचा हट्ट केला.

"मी," मी म्हटलं.

आणि गंमत बघा, तिघंही गार पडले. आपल्याला नाही मिळालं तर माणूस एवढं मनाला लावून घेत नाही, शेजाऱ्याला मिळालं की त्याचं पित्त खवळतं. मास्तर काठी टेकत मधल्या दाराशी गेले आणि तिथून ओरडून म्हणाले, "जागा आहे हो इथं, बरीच!" चपला शोधणारे परत बसले. कोणीतरी "गणपती बाप्पा मोरया" म्हटलं आणि गाडीनं साथ दिली.

मी खाली उतरले. भांडताना मला भीती वाटत नाही, नंतर वाटते. डोक्यात एकच. गेली. ही पण गेली. पहिल्याच दिवशी, गाडी हलायच्या आत, गिऱ्हाइकांना तोंडावर नाही म्हटलं, मालकाला हातानं बाजूला सारलं. आईला काय तोंड दाखवू?

पोतनीसकाका गाडीच्या मागच्या बाजूला उभे होते आणि त्यांच्याजवळ एक ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचलेल्या बाई. त्या मागच्या डिकीत मोठमोठी पातेली, पिठाचे डबे आणि शेगड्या लावून घेत होत्या. या पोतनीसकाकू. यात्रेचा सगळा स्वयंपाक त्यांच्या हातात असायचा आणि त्या स्वतः बरोबर यायच्या. भांडणाचा शेवट त्यांनी पाहिला होता.

"ही कोण हो मुलगी?" त्यांनी काकांना विचारलं. "छान झापलं तिनं. कुठून आणलीत?"

काका वाकून गाडीचं टायर तपासायला लागले.

"अहो, मी विचारतेय. कोण ही?"

"ही… घोलप. हर्षदा घोलप. काल आली होती. सहायकाच्या जागेसाठी."

"मग घेतलीत होय? तुम्ही तर म्हणत होता पुरुषमाणूस बघतोय."

"बघतच होतो अगं," काका कुजबुजले, पण मी दोन हातांवर होते, मला सगळं ऐकू येत होतं. "इतका लांबचा प्रवास, मुलगी माणूस, जबाबदारी… मी तिला म्हटलं, बरं, या मग."

"मग आली ती."

"अगं, 'या' म्हणजे… आपण म्हणतो तसं. दारात. निरोप देताना. बरं, या मग."

काकूंनी हातातला पिठाचा डबा हळूच खाली ठेवला.

माझ्या डोक्यात उजेड पडायला एवढा वेळ लागला, आणि पडला तो भक्कन पडला. या मग! आमच्या खटावात नको असलेल्या माणसाला 'निघा आता' म्हणतात. नको असेल तर नको म्हणतात. हात जोडून, दारापर्यंत सोडायला येऊन, 'या' म्हणून कोणी घालवत नाही. तसदी घेतलीत, फार लवकर होईल, वा मिलिटरीत, सगळं एका क्षणात नीट ऐकू आलं मला. माझे कान तापले, गाल तापले. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संतापही आला. मला या माणसानं नोकरी दिलीच नव्हती. मी आपली आले, पेढे चारले, होल्डॉल टपावर चढवला, मॅनेजर झाले आणि त्याच्या गिऱ्हाइकांना झापून मोकळी झाले!

"लग्न झाल्यापासून बघतेय," काकू मला म्हणाल्या, जणू मी घरचीच आहे. "यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी ऐकलेला नाही. दारात कुकर विकायला आला तर कुकर घेतात. माळ्यावर कुकरच कुकर आहेत बघ आमच्या. माझ्या बापानं मुलगी दाखवली तेव्हासुद्धा हे हो म्हणाले ते मी आवडले म्हणून, का नाही म्हणता येईना म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही."

"अगं, काय हे," काका म्हणाले.

रस्त्यापलीकडून अण्णांचा आवाज येत होता. ते दूधवाल्याला सांगत होते, "कन्याकुमारी. पार टोकाला. त्याच्याफुडं भारतच न्हाई. मॅनेजर हाय पोरगी." म्हणजे माझी बढती तिथवर पोचली होती. त्यांच्या हातात पेढ्यांचा रिकामा बॉक्स होता आणि तो त्यांनी फेकला नव्हता.

मला रडायला येत होतं. पण रडले असते तर काकांनी मला नक्की ठेवून घेतलं असतं. कुकर घेतात तसंच. ते मला नको होतं.

मी पुढं झाले. "काका, माझी ऐकण्यात चूक झाली."

"अहो, तसं काय त्यात," काका गडबडले. "आता तुम्ही आलाच आहात तर…"

"आलेच आहे तर राहू दे, असं नको. मी काय चुकून आलेलं पार्सल आहे? ठेवायचं तर ठेवा आणि ठेवायचं नसेल तर तोंडावर सांगा. मी रज्जाकभाईंना होल्डॉल उतरवायला सांगते. अण्णांना काय सांगायचं ते माझं मी बघेन."

"वडील उभे आहेत हो तुमचे तिथं…"

"त्यांच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

काका माझ्याकडे बघायला लागले. मला वाटतं, पहिल्यांदाच नीट बघत होते. काल त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली, पण बघितलं नव्हतं. गाडीतून मास्तर इनामदारबाईंना हाक मारून विचारत होते, बाई, आवळासुपारी आहे का, माझ्याजवळ आहे. कोणीतरी भजन सुरू केलं होतं. रज्जाकभाईंनी हॉर्न वाजवला. काकू पदरानं हात पुसत नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि नवरा कपाळावरचा घाम पुसत होता.

"लवकर सांगा," मी म्हटलं. आवाज परेडचाच ठेवला. "जाऊ मी घरी?"

काकांचे ओठ हलले. त्यांनी शर्टाची बाही नीट केली, पुन्हा तोंड उघडलं.

"नाही," ते म्हणाले.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या आणि मटकन पिठाच्या डब्यावर बसल्या.

मला खरं तर ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. पण कालचा अनुभव होता, आणि नोकरीचा प्रश्न होता.

"नीट कळलं नाही काका," मी म्हटलं. "पुन्हा एकदा."

"नाही!" पोतनीसकाका असे ओरडले की भजन थांबलं आणि रस्त्यापलीकडे अण्णा आपोआप सावधानमध्ये उभे राहिले. "जायचं नाही घरी! चढा गाडीत!"

मी चढले.